पाऊल पुसायची रीत

हिवाळ्यात बोरसळच्या तलावावर जायचं तर मला अमरावतीहून पहाटेच निघावं लागतं. मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून पुढं ऑटोवाल्याशी हुज्जत घालायची. तो दर वर्षी विचारतो, "तिथं काय हाय मॅडम?" मी दर वर्षी सांगते, "बदकं." मग तो आरशातून मला एकदा निरखून बघतो आणि भाडं वाढवतो.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण थंडी पडली की मला घरात बसवत नाही. बोरसळचा तलाव काही मोठा नाही. एक मातीचा बांध, त्यावर बाभळी, आणि पाटबंधारे खात्याची गंजलेली पाटी. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो आणि दिवाळीनंतर पाणी मागं सरायला लागतं. जी जमीन उघडी पडते तिला इकडं गाळपेर म्हणतात. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ असतो. गावातले लोक त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात, पुढं टरबुजाचे वेल सोडतात. आणि वाफ्यांच्या खाली, पाण्याच्या कडेला जो ओला पट्टा उरतो, तो माझा.

रात्रभरात जे कोणी पाण्यावर येतं ते तिथं पाऊल सोडून जातं. रोही, म्हणजे नीलगाय, येते, तिच्या खुरांच्या दोन फाकी. कोल्हा येतो, त्याची नखं उमटतात. रानमांजर नखं आत ओढून चालतं. शेकाट्या पाखराच्या पायाला मागचं बोट नसतं, टिटवीला असतं पण नावापुरतं. आणि पट्टकदंब, म्हणजे हिमालय ओलांडून येणारे ते करडे हंस, बोटं जरा आत वळवून फेंगडे चालतात. हे सगळं बघायला मला आवडतं. उडून गेलेल्या पाखराबद्दल दोन माणसांत वाद होऊ शकतो. गाळातल्या पावलाबद्दल होत नाही.

योगेश मला इथंच भेटला. पाण्याला लागून पहिला वाफा त्याचा. पहिल्या हिवाळ्यात त्याला तलावातली यच्चयावत पाखरं बदक होती. लांब शेपटीचं बदक, चपट्या चोचीचं बदक, लाल बदक. बगळ्यालासुद्धा तो एकदा उंच बदक म्हणाला आणि माझं तोंड बघून हसत सुटला. "माया मॅडम, तुमी चिडल्या का लई मज्जा येते," म्हणायचा. वांग्याला पाणी देता देता तो शिकला. पुढं पुढं तर चक्रवाक कुठं बसले आहेत हे तो मला फोनवर ओरडून सांगायचा आणि माझ्या वर्गातली पोरं खिदळायची.

पाटी करायची रीत मी त्याला शिकवली. मी ती मेळघाटात शिकले होते, धारणीच्या बाजूला. संध्याकाळी गाळाचा एक चौकोन हातानं अगदी सारखा करायचा, की सकाळी त्यावर ताजंच काय ते उमटावं. यात एक पथ्य असतं. पाटी करणाऱ्याचं स्वतःचं पाऊल त्यावर राहता कामा नये. म्हणून मागं मागं सरायचं, आणि सरताना आपली पावलं आपणच पुसत यायचं. हात अर्धचंद्रासारखा फिरवायचा.

योगेश डावखुरा होता. लहानपणी कडबा-कुट्टीच्या यंत्रात त्याचं डाव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातून गेलं होतं. त्यामुळं त्यानं पुसलेल्या पाटीवर बोटांच्या ज्या बारीक रेघा राहत, त्यांत मधे एक फट असायची. बॅटरी आडवी धरली की ती फट दिसायची. "झाली का सही?" मी विचारायची. "झाली जी," तो म्हणायचा. त्या रेघा टिकत नसत. गाळ ओला असतो, घटकाभरात पाणी झिरपून सगळं मिटून जातं आणि पाटी गुळगुळीत होते.

मग त्याचं लग्न झालं. रूपाली अंजनगाव सुर्जीची, पानमळेवाल्यांची पोरगी. तिला वाटलं होतं नवरा संध्याकाळी घरी असेल. तो गाळात रांगत असायचा. चार दिवस ती रुसली आणि पाचव्या दिवशी त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याचा डावा हात, तिचा उजवा. दोघं शेजारी शेजारी, तोंडं एकमेकांकडं वळवून, मागं सरत यायचे. तिच्या हातात काचेच्या बांगड्या, त्या गाळाला टेकायच्या. तिच्या चार बोटांच्या रेघांपाशी बांगडीची एक बारीक रेघ उठायची. मी म्हटलं, "रूपाली, बांगड्या वर सार." योगेश म्हणाला, "राहू द्या मॅडम. तिची बी सही हाय."

त्या दोघांना तसं बघताना मला बरं वाटायचं. माझ्या आयुष्यात तसं काही घडलं नाही, पण त्याचं दुःख मी करत नाही. ते दोघं मात्र मला हवे होते.

मागच्या वर्षी डिसेंबर संपत आला असताना, धुक्याच्या सकाळी, एक चक्रवाक मासेमारीच्या जाळ्यात अडकून फडफडत होता. योगेश टायरच्या ट्यूबवर बसून त्याला सोडवायला गेला. चक्रवाक उडालेला लोकांनी पाहिला. ट्यूब वाऱ्यानं बांधाला लागली. योगेश आला नाही.

मी अमरावतीला होते. पोचले तोवर पाणबुडे आले होते. त्यांनी शोधलं, गळ टाकले, जाळी ओढली. खाली गाळच गाळ, आणि पाणवेली. शेवटी ते लोक दमून निघून गेले. तो सापडला नाही. मला त्याची आठवण येते. फार येते.

या वर्षी थंडी सुरू झाल्यावर मी पुन्हा गेले. जाववत नव्हतं, पण गेले. योगेशचं घर तलावाच्या वरच्या अंगाला आहे, दोन खोल्या आणि पुढं अंगण. त्याची आई, जयवंताबाई, दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. वर्षात म्हातारी पार वाळली होती. रूपाली खाली होती. पाण्यात.

ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, साडी वर खोचून, समोर बघत. मी हाक मारली तेव्हा वळली आणि म्हणाली, "मॅडम, कदंब आले. ते म्हनत होते पुढच्या साली जास्त येतीन म्हनून." आणि पुन्हा समोर बघायला लागली.

त्या सकाळी मी पहिल्यांदा ते पाहिलं.

कदंब रात्री कडेलाच बसले होते. गाळभर त्यांची पावलं, विष्ठा, गळलेली पिसं. आणि त्या सगळ्या गजबजाटातून एक कोरा पट्टा पाण्यातून निघून वर आला होता. माणूस आडवा बसला तर जेवढी जागा लागेल तेवढा रुंद. मला वाटलं कोणी पोतं ओढत नेलं असेल. पण पोत्यानं गाळ बाजूला सरकतो, कडा उठतात. इथं कडा नव्हत्या. मी खाली वाकून बघितलं. पट्ट्याच्या काठावर हंसाचं एक पाऊल अर्धंच होतं. दोन बोटं बाहेर, बाकीचं गायब. म्हणजे हंस चालून गेल्यानंतर कोणीतरी तिथून हात फिरवला होता.

पट्टा थोडा वर येऊन थांबला होता. काठावरच्या एका बाभळीच्या अलीकडेच.

मी रूपालीला विचारलं, "तू पाटी केलीस का?"

"नाई," ती म्हणाली. "मले एकटीले कराव वाटत नाई."

पुढच्या खेपेला पट्टा बाभळीच्या पलीकडं गेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला वांग्याच्या वाफ्यांमधून, एकाही रोपाला न दुखवता, घराखालच्या शेतबांधापर्यंत. मी जयवंताबाईला विचारलं, "रात्री कोण गाळ सारवून राहिलं?" ती म्हणाली, "कोन सारवीन जी? कोनाले येवढी हौस हाय?" आणि मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. तिनं मला कोणता गाळ म्हणून विचारलं नाही.

मी शिकलेली बाई आहे. मी कारणं शोधली. डुकरं लोळली असतील. वाऱ्यानं पाणी चढून उतरलं असेल. गावातलं कोणी चेष्टा करत असेल. ही शेवटची गोष्ट मी धरून बसले, कारण ती निदान माणसाची होती. पण मग एक हिशेब जुळेना. पाटी करणारा मागं सरत जातो. पुसता पुसता त्याला शेवटी कुठंतरी उभं राहावंच लागतं, आणि तिथून पुढं त्याची पावलं दिसायला हवीत. घराच्या बाजूला, बांधावर, मी सगळीकडं फिरून बघितलं. एकही पाऊल नव्हतं. दुसऱ्या टोकाला पाणी होतं.

आणखी एक गोष्ट होती. कदंब फार सावध पाखरं. माणूस लांबून दिसला की माना ताठ, कलकलाट, आणि थवा हवेत. ते उठत नसत फक्त योगेशला बघून. पट्टा बांधापर्यंत आला त्या सकाळी पाण्याजवळ त्याच्या दोन्ही अंगांना ते पंखात चोची खुपसून झोपलेले होते, हाताच्या अंतरावर.

वर्ष भरत आलं तेव्हा रूपालीचा मोठा भाऊ मनोज अंजनगावहून आला. तो आधीही येऊन गेला होता, बहिणीला न्यायला. ती गेली नव्हती. "ते आल्यावर मी घरी नसलो तं?" एवढंच म्हणायची. माणूस सापडला नाही म्हणून दहावं झालं नव्हतं, तेरावं झालं नव्हतं, तिनं कुंकू पुसलं नव्हतं की बांगड्या काढल्या नव्हत्या. मनोज बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, "आता आपन पीठ पसरवू. जे उमटीन ते समद्याईनं मानाव."

ही रीत त्यांच्यात आहे. माणूस गेला की दहाव्या रात्री त्याच्या निजायच्या जागी पीठ चाळतात, दिवा लावतात, वर डालं झाकतात, कोंबड्यांवर झाकतात ते बांबूचं. सकाळी पिठात पाऊल उमटलेलं असतं म्हणे. पाखराचं, गाईचं, लेकराचं. ज्याचं पाऊल त्या जन्माला माणूस गेला. आमच्या घरात हे सगळं छप्पन साली बंद झालं. माझ्या आजोबांनी देवांचं गाठोडं पूर्णेत सोडलं आणि घरी येऊन जेवले. पिठात उंदीर आणि झुरळं चालतात, हे मी तोंडावर सांगू शकले असते.

पण रूपाली म्हणाली, "मॅडम वाचतीन तं मी मानतो. पाऊल उमटलं तं गेले म्हनून मानीन. कोरं राहिलं तं मले कोनी नेयाचं नाई." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

त्या दिवशी तिन्हीसांजेला जयवंताबाईनं मला वाफ्यात गाठलं. वांगी तोडायचं निमित्त करून ती माझ्याजवळ सरकली.

"मॅडम, उद्या काई उमटो न उमटो, तुमी हाय म्हनजा. पाखराचं म्हनजा. तिले पाखरं पटतात."

"जयवंताबाई, मी असं कधी केलं नाही."

"माहा पोरगा तं गेला जी. मले ठाव हाय. मायले समजते." तिचा आवाज चढला नाही. हातातलं वांगं ती नुसतं फिरवत होती. "पोट्टी रोज पान्यात उभी राह्यते. दिवाईले घोट्यावर होतं. आता गुडघ्याच्या वर हाय. रातच्याले तिच्या पदराले माहा पदर बांधून झोपतो मी. म्हातारा जीव, एखांद्या दिवशी डोया लागला मंग? तिले मायेरी जाऊ द्या. तिचं वय काय हाय? हे एक तरी राहू द्या मॅडम."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

पीठ जयवंताबाईनंच चाळलं, ज्वारीचं. आतल्या खोलीत योगेशची बाज असायची तिथं, सारवलेल्या जमिनीवर, चाळणी हलवत हलवत. हात लावला नाही. पीठ हलकं, फुलून बसलं होतं. कोपऱ्यात दिवा ठेवला, डालं झाकलं, डाल्यावर पाटा ठेवला. मनोजनं खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि दाराला टेकून झोपला. आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत. रूपाली मधे. तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला जयवंताबाई, पदराला पदर बांधलेला.

निजण्याआधी रूपाली हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी खोटं सांगान नाई ना? ते म्हनत, मॅडम झोपेतबी खोटं बोलत नाईत."

मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी उजाडल्यावर मनोजनं कुलूप काढलं. दिवा केव्हाच विझला होता. खोलीत ज्वारीच्या पिठाचा वास यायला हवा होता. ओल्या गाळाचा येत होता.

पाटा जागेवर होता. मनोजनं तो उतरवला आणि डालं उचललं.

पीठ कोरं होतं.

मनोजनं डालं बाजूला ठेवलं. जयवंताबाई माझ्याकडं बघत होती. मी गुडघे टेकले आणि सवयीनं बॅटरी आडवी धरली. रात्री फुलून बसलेलं पीठ आता दाबलेलं होतं. गुळगुळीत. कडेपासून मधे, मधून कडेला, अर्धचंद्र. पीठ कोरडं असतं, त्यात रेघा मिटत नाहीत. प्रत्येक अर्धचंद्रात बोटांच्या रेघा होत्या, आणि मधे एक फट.

मी बॅटरी दुसऱ्या बाजूनं धरून पुन्हा बघितलं.

"मॅडम," जयवंताबाई म्हणाली. "सांगा."

"उमटलं आहे," मी म्हणाले. "पाखराचं पाऊल आहे."

मनोज वाकून बघायला लागला. त्याला काही दिसलं नसणार, पण त्यानं मान डोलावली. जयवंताबाईनं डोळ्यांना पदर लावला.

रूपाली माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या हातून बॅटरी घेतली आणि माझ्यासारखीच आडवी धरली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात पिठावर नेला, त्या अर्धचंद्राच्या समोर, न टेकवता.

"पाखराचं नाई मॅडम," ती म्हणाली. रागावली नव्हती. उलट मला सांभाळून घ्यावं तसं बोलली. "त्यायनं पुसलं. आपलं पाऊल पुसूनच जाते ना मानूस."

आणि ती हसली. वर्षात पहिल्यांदा.

मनोजला ते काही कळलं नाही. त्यानं एवढंच धरलं की मॅडम पाखरू म्हणाल्या आणि बहीण हसली. दोन दिवसांनी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणून तो तालुक्याला सामान आणायला गेला. मला त्या दिवशी परत जायचं होतं. जयवंताबाईनं जाऊ दिलं नाही.

मी दिवसभर स्वतःशी वाद घातला. मनोजनं पीठ दाबलं असेल. पण त्याची दहाही बोटं धड आहेत, ती मी जेवताना बघितली. म्हातारीनं केलं असेल, पण तिला तर पाऊल हवं होतं. रूपाली रात्रभर माझ्या अंगाला लागून होती. तिची कूस बदललेली मला कळत होती. राहिलं कोण, ते नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही.

रूपाली मात्र वेगळीच झाली होती. तिनं डोकं धुतलं. भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं. पाण्याकडं फिरकली नाही. जयवंताबाई तिच्याकडं बघून मला खुणा करत होती, बघा, लागली मार्गाला. मलाही तेच वाटलं. खरंच वाटलं. योगेशनं कुठल्या तरी मार्गानं निरोप दिला आणि पोरीनं तो घेतला, असं काहीसं मी मनाशी म्हणाले. मी असं म्हणेन यावर कालपर्यंत माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

संध्याकाळी ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. खाली तलावावर कदंब उतरत होते, एकेक रांग.

"मॅडम," तिनं विचारलं, "मांगं सरतानी आंधी पाय घ्याचा का आंधी हात फिरवाचा? मी इसरली."

"आधी पाय मागं घ्यायचा," मी म्हणाले, "मग पुढची जागा पुसायची. नाहीतर पुसलेल्यावरच पाऊल पडतं."

"हां," ती म्हणाली. "तेच तं."

शिकवायची सवय असली की कोणी विचारलं तर आपण सांगून टाकतो. मला वाटलं तिला पुन्हा पाट्या करायच्या आहेत. बरं वाटलं मला.

निजताना जयवंताबाईनं पदर हातात घेतला आणि सोडून दिला. "आज झोपू द्या तिले मोकयी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पोरगी पोटभर जेवली आज." वर्षभराची जागरणं त्या म्हातारीच्या अंगात साचली होती. ती पडल्या पडल्या घोरायला लागली.

मला जाग आली ती थंडीनं. दार उघडं होतं. बाहेर नुकतं फटफटत होतं. मधलं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, उशी वर.

मी बॅटरी घेतली आणि निघाले. पळता येत नव्हतं मला. मागून जयवंताबाई आली, अनवाणी.

अंगणातून वाफ्यापर्यंत रूपालीच्या चपलांची पावलं स्पष्ट होती. सावकाश चाललेली. कुठंही अडखळलेली नाहीत, घाई नाही. बाभळीखाली चपला काढून ठेवल्या होत्या, दोन्ही जवळ जवळ, तोंडं घराकडं.

तिथून पुढं पाऊल नव्हतं.

पट्टा होता. आज रुंद होता, दोघांना पुरेल एवढा.

कदंब दोन्ही बाजूंना झोपलेले होते. एकानंही मान वर केली नाही. पाणी इतकं शांत होतं की पलीकडचा बांध त्यात उलटा दिसत होता. आम्ही हाका मारल्या. जयवंताबाई पाण्यात शिरायला लागली, तिला मी कमरेला धरून ओढलं. ती खाली बसली.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुमाले समजते. पाहा ना. तिचं पाऊल हाय का कुठं?"

मी गाळावर वाकले आणि बॅटरी आडवी धरली.

डाव्या अंगाला अर्धचंद्र, मधे फट असलेले. उजव्या अंगाला त्यांच्या समोरासमोर दुसरे, लहान हाताचे, चार बोटांचे. बाभळीपासून पाण्यापर्यंत, एकालाही चूक नाही.

"किती वेळ झाला जी?" म्हातारीनं विचारलं.

लहान हाताच्या प्रत्येक अर्धचंद्रापाशी बांगडीची बारीक रेघ होती. पाण्याजवळची शेवटची रेघ अजून मिटली नव्हती. तिच्यात पाणी नुकतं भरायला लागलं होतं.